बारा डबे गेले कुठे?

गेली अठरा वर्षं मी मुलुंडहून माटुंग्याला स्लो लोकलने जाते. हौस म्हणून नाही, फास्ट माटुंग्याला थांबत नाही म्हणून. त्यामुळे लेकीने पायथन ही प्रोग्रॅमिंगची भाषा शिकवताना इन्हेरिटन्ससाठी (एका साच्याचे गुण दुसऱ्याला वारशाने मिळणं) प्राणी आणि कुत्र्याचं उदाहरण काढलं, तेव्हा म्हटलं, कुत्रा ठेव बाजूला, मी लोकल लिहिते.

पायथन ३ मध्ये क्लासला, म्हणजे वस्तूच्या साच्याला, देवनागरी नाव चालतं हे कळल्यावर तर मी चेकाळलेच. (आकडे मात्र इंग्रजीच लागतात.) 'लोकल' क्लास केला. त्याच्या इनिटमध्ये (वस्तू तयार होताना आपोआप चालणारा भाग) डबे बारा आणि खाली 'थांब' नावाची मेथड, म्हणजे तिला करता येणारं काम, प्रत्येक स्टेशनवर थांबणारी. मग 'एसीलोकल', कंसात आईचं नाव लोकल (जिच्याकडून वारसा येतो ती आई). थांब पुन्हा लिहायची गरज नाही, आईकडून आयती आली. एसीला आपोआप बंद होणारे दरवाजे हवेत म्हणून तिला वेगळा इनिट दिला. मग डबे छापायला सांगितले, तर ॲट्रिब्यूट एरर. डबेच नाहीत! नुसते दरवाजे.

अर्धा तास स्पेलिंग तपासण्यात गेला. लेक चहा घेऊन आली, एक नजर टाकली आणि म्हणाली, "अगं आई, तू इनिट नवा लिहिलास म्हणजे लोकलचा झाकला गेला. सुपरने त्याला हाक मारायला हवी." जावा या दुसऱ्या भाषेत आईचा बिनपॅरामीटरचा कन्स्ट्रक्टर (बाहेरून काही न मागणारा तिथला इनिट) असेल तर तो न सांगता चालतो, पायथनमध्ये हाक मारल्याशिवाय येत नाही. सुपरची एक ओळ घातली, बारा डबे परत आले.

मग मी 'लेडीजडबा' लोकलचाच वारस केला. गाडी थांबली की डबाही थांबतोच ना! "डबा म्हणजे लोकल आहे का?" लेकीने विचारलं. इंग्रजी पुस्तकांत यासाठी दोन वेगळी क्रियापदं आहेत, 'इज' आणि 'हॅज'. आपल्याकडे सगळीकडे 'आहे'च. एसी लोकल ही लोकल आहे, आणि लोकलला बारा डबे आहेत. मग मी माझी खूण शोधली: वाक्यात 'ला' आला की वारसा द्यायचा नाही, ती वस्तू आत ठेवायची.

'फास्ट ही लोकल आहे' यात 'ला' नाही. म्हणून बिनधास्त लोकलची मुलगी केली आणि थांब तेवढी बदलली. मग 'माटुंग्याला_उतर' या फंक्शनला ती दिली, कारण ते कुठलीही लोकल घेतं. कुर्ल्यानंतर सायन गेलं, माटुंगा गेलं, थेट दादर. आईने दिलेला शब्द मुलीने मोडायचा नाही, हे संगणकशास्त्रज्ञ बार्बरा लिस्कोव्ह यांनी १९८७ मध्येच सांगून ठेवलंय म्हणे. वारसा त्याहून जुना, १९६७ च्या सिम्युला भाषेतला.

चूक फास्टची नव्हती, माझी होती. 'प्रत्येक स्टेशनवर थांबेन' हे वचन मी उगाच लोकलच्या तोंडी घातलं होतं. ते काढून स्लोकडे दिलं. आता स्लो आणि फास्ट बहिणी, आणि माटुंग्याला उतरायचं फंक्शन फक्त स्लोच मागतं.

लेकीला सांगितलं नाही, पण नोकरीच्या पहिल्याच आठवड्यात मी घाईत फास्टमध्ये चढले होते. दादरला उतरून, पूल चढून उलटी स्लो पकडली आणि मस्टरवर लाल शेरा घेतला.