रिकामी टाकी जास्त धोक्याची, मग ती विमानाची का असेना

उलव्याच्या एअरपोर्टवरून विमानं उडायला लागल्यापासून आमच्या बिल्डिंगच्या गच्चीवर संध्याकाळी बरीच गर्दी असते. परवा तिसऱ्या मजल्यावरच्या काकूंनी विचारलं, "अहो, पंखातच म्हणे इंधन भरलेलं असतं, मग पावसाळ्यात वीज पडली तर भडका नाही का उडणार?" बाजूच्या एकाने लगेच "देव तारी त्याला कोण मारी" म्हणून टाकलं आणि विषय तिथेच संपला. मला मात्र राहवेना, कारण तळोज्याला केमिकल कंपनीत सॉल्व्हंटच्या टाक्या सांभाळण्यात माझं निम्मं आयुष्य गेलंय आणि माझा मेव्हणा विमानांच्या मेंटेनन्समध्ये टेक्निशियन आहे, त्यामुळे आमच्याकडे जेवणाच्या ताटावर हाच विषय असतो आणि बायको वैतागते.

तर आधी मुळातली गोष्ट. इंधन जळत नाही, इंधनाची वाफ जळते, आणि तीही हवेत ठरावीक प्रमाणात मिसळली तरच. विमानाचं इंधन म्हणजे एटीएफ हे रॉकेलच्या जातीचं, त्याची वाफ हवेत साधारण अर्धा-पाऊण टक्का ते पाचेक टक्के असली तरच पेट घेते, त्याच्या खाली नाही आणि वरही नाही. आमच्याकडे नवीन आलेला पोरगा भरलेल्या टाकीला घाबरतो आणि रिकाम्या टाकीजवळ बिनधास्त मोबाईल काढतो, आणि जुने ऑपरेटर बरोबर उलटे वागतात. काठोकाठ भरलेल्या टाकीत हवेला जागाच नसते. तळाशी चार बादल्या माल उरलेली टाकी मात्र वरपर्यंत वाफ आणि हवेने भरलेली असते, आणि गडबड होते ती तिथेच.

एटीएफचा फ्लॅश पॉइंट कमीत कमी ३८ डिग्री असावा लागतो, म्हणजे त्याच्या खाली वाफ पेटण्याइतकी जमत नाही. ऐकायला सेफ वाटतं पण आपल्याकडे मे महिन्यात ३८ डिग्री म्हणजे काय विशेष आहे, ठाण्याला विचारा. त्यात विमान वर गेलं की हवा विरळ होते, हवाच कमी म्हटल्यावर तेवढीच वाफ प्रमाणात जास्त भरते आणि ३८ च्या खालीसुद्धा ती पेटू शकते. पंखातल्या टाक्यांना बाहेरचा गार वारा लागतो म्हणून त्या लवकर थंड होतात. खरी अडचण दोन पंखांच्या मध्ये, प्रवाशांच्या पायाखाली असते त्या सेंटर टाकीची. लांबचा प्रवास नसेल तर ती बऱ्याचदा भरतच नाहीत, आणि बोइंग ७४७, ७३७ सारख्या विमानांत तिच्या बरोब्बर खाली एसीची मशिनं बसवलीत, ज्यांना पॅक म्हणतात. ती चालली की वरची टाकी तापते. कोणी बसवली तिथे असं विचारावंसं वाटतं, पण जागेच्या हिशोबाने ते सोयीचं होतं म्हणून बसवली.

१७ जुलै १९९६ ला न्यूयॉर्कहून पॅरिसला निघालेलं टीडब्ल्यूए ८०० हे ७४७ उड्डाणानंतर बारा मिनिटांत हवेत फुटलं, २३० माणसं गेली. उन्हाळ्यातली संध्याकाळ, विमान तासभर लेट, जमिनीवर उभं असताना प्रवाशांसाठी एसी जवळजवळ अडीच तास चालू. सेंटर टाकीची क्षमता जवळपास ४९ हजार लिटर आणि आत पडलं होतं दोनशे लिटरच्या आसपास, म्हणजे आमच्या भाषेत एक ड्रम. नंतर तपासवाल्यांनी तशीच परिस्थिती दुसऱ्या ७४७ वर करून बघितली तेव्हा टाकीतल्या वाफेचं तापमान ३८ ते ५३ डिग्रीपर्यंत निघालं. आधी सगळ्यांनी मिसाईल म्हटलं, बॉम्ब म्हटलं, एफबीआय उतरली, समुद्रातून तुकडे काढून विमान हँगरमध्ये जोडून उभं केलं. २००० साली एनटीएसबीचा, म्हणजे अमेरिकेतल्या अपघात तपासणाऱ्या सरकारी संस्थेचा, रिपोर्ट आला की सेंटर टाकीतली वाफ पेटली. ठिणगी कुठून आली ते खात्रीने सांगता येत नाही, पण सगळ्यात शक्य कारण म्हणजे टाकीबाहेर कुठेतरी शॉर्ट सर्किट झालं आणि इंधनाची पातळी मोजणाऱ्या वायरीतून जास्तीचं व्होल्टेज टाकीत शिरलं. कॉकपिटच्या रेकॉर्डिंगमध्ये स्फोटाच्या दोनेक मिनिटं आधी कॅप्टन एका इंजिनाचा फ्युएल फ्लो मीटर वेड्यासारखं दाखवतोय असं बोललेला आहे.

मला यात खटकतं ते वेगळंच. तोपर्यंत विमान बनवणाऱ्यांचा आणि नियम करणाऱ्यांचा सगळा भरवसा एकाच गोष्टीवर होता की टाकीत ठिणगी पडूच द्यायची नाही. टाकीत पेटणारी वाफ आहे हे मान्यच होतं, त्याबद्दल काही करायचं नाही, फक्त काडी लागू द्यायची नाही. माझ्या सेफ्टी ऑफिसरला मी असं सांगितलं तर तो मला गेटबाहेर काढेल.

अर्थात ठिणगी अडवायचं काम त्यांनी मन लावून केलंय, ते नाकारायचं नाही. अशी वाफ पेटायला ऊर्जा लागते किती, तर ०.२ मिलिजूलच्या आसपास. थंडीत दिल्लीला गेलं की दाराच्या कडीला हात लावल्यावर जो चटका बसतो (आपल्या दमट हवेत तो फारसा बसत नाही) त्यात याच्या कितीतरी पट ऊर्जा असते. म्हणून पातळी मोजणाऱ्या प्रोबला वीज जाते तीच मुळात एवढी कमी की शॉर्ट झाला तरी पेटू नये, आमच्याकडे पातळी दाखवणाऱ्या लेव्हल ट्रान्समीटरला जास्तीची वीज अडवणारा बॅरियर लावतात त्यातलाच प्रकार. पंप टाकीत बुडालेले असतात आणि इंधनच त्यांना गार ठेवतं, त्यामुळे टाकी संपत आली की ते बंद झाले पाहिजेत, कोरडा पंप तापला की तोच काडी होतो.

आणि मग बाँडिंग. पाइप, पंप, झाकणं सगळं विमानाच्या बॉडीला वायरीने जोडलेलं असतं, आणि त्या जोडाचा रेझिस्टन्स मेव्हणा मिलिओहममध्ये मोजतो. मी त्याला चिडवत नाही कारण मला माहितीये यात काय होतं ते. आमच्याकडे टोल्युईनचा (हेही पेट घेणारं सॉल्व्हंट) टँकर आला की ड्रायव्हर अर्थिंगचा क्लॅम्प घेतो आणि जिथे हात पोचेल तिथे लावतो, बऱ्याचदा रंग दिलेल्या भागावर. दिसायला क्लॅम्प लागलेला असतो, रजिस्टरमध्ये टिक पण होते, पण रंगावरून करंट जात नाही. आमचा एक जुना फिटर खिशात पॉलिश पेपरचा तुकडा ठेवतो, टँकरच्या लगवर, म्हणजे क्लॅम्पसाठीच्या पितळी पट्टीवर, दोन हात मारतो, पितळ चमकलं की क्लॅम्प लावतो आणि मग मीटर धरतो. एवढं सगळं का, तर इंधन पाइपातून, खासकरून फिल्टरमधून जोरात गेलं की स्टॅटिक चार्ज तयार होतो. विमानात इंधन भरतानाही गाडी आणि विमान आधी वायरीने जोडतात आणि मगच नळी लावतात.

आता काकूंची वीज. प्रत्येक प्रवासी विमानावर सरासरी वर्षातून एकदा तरी वीज पडते आणि बहुतेक वेळा काही होत नाही, ती एका टोकाने शिरते, पत्र्यावरून वाहते आणि दुसऱ्या टोकाने निघून जाते. पण ८ डिसेंबर १९६३ ला अमेरिकेत मेरीलँडमध्ये पॅन अॅमचं बोइंग ७०७ विजेने टाकी फुटून पडलं, ८१ जण गेले. त्या विमानात रॉकेलच्या जातीचं आणि त्याहून जास्त उडणारं पेट्रोलकडचं, अशी दोन इंधनं मिसळलेली होती. तेव्हापासून टाकीवरचा पत्रा किती जाड हवा, रिव्हेट आणि झाकणाच्या फटीतून आत ठिणगी कशी जाऊ नये, टाकीच्या व्हेंटमध्ये फ्लेम अरेस्टर, या सगळ्यावर बारीक काम झालं. फ्लेम अरेस्टर म्हणजे बारीक जाळी, ज्वाला त्यातून जाताना एवढी गार होते की आतपर्यंत पोचत नाही. आमच्या प्रत्येक टाकीच्या डोक्यावर आहे आणि पावसाळ्याआधी उघडून साफ केला नाही तर त्यात गांधीलमाशी घर करते.

एवढं सगळं असूनही काय झालं बघा. ११ मे १९९० ला मनिलाला फिलिपाईन एअरलाइन्सचं ७३७ गेटवरून मागे ढकलत असतानाच सेंटर टाकी फुटली, ८ जण गेले. विमान वर्षाचंही नव्हतं, म्हणजे जुन्या वायरी वगैरे कारण नाही. आणि त्या टाकीत मार्चपासून इंधन भरलेलंच नव्हतं, दोन महिने तळाशी उरलेलं आणि वर वाफ. ३ मार्च २००१ ला बँकॉकला थाई एअरवेजचं ७३७ उभ्या जागी फुटलं, केबिन क्रूमधली एक व्यक्ती गेली, आणि थोड्या वेळात त्याच विमानात थायलंडचे पंतप्रधान चढणार होते म्हणून आधी सगळे बॉम्बच म्हणत होते. दोन्हीकडे गरम देश, एसी चालू, टाकी जवळजवळ रिकामी. काडी नेमकी कोणती ते शंभर टक्के कुठेच सापडलं नाही. काडी सापडतच नसेल तर ती अडवणार कशी, हा माझा साधा प्रश्न आहे.

उत्तर आमच्या तळोज्यात प्रत्येक टाकीवर हिस् हिस् करत बसलेलं आहे, नायट्रोजन. टाकीतल्या मोकळ्या जागेत हलक्या प्रेशरने नायट्रोजन भरून ठेवायचा, ऑक्सिजनच नाही तर वाफ असू दे की. मिलिटरीवाल्यांना गोळी लागायची भीती असते म्हणून त्यांनी हे आधीपासून केलं, सी-५ या लष्करी मालवाहू विमानात द्रव नायट्रोजनच्या टाक्या होत्या, काही विमानांच्या टाकीत जाळीदार फोम भरतात, एफ-१६ या लढाऊ विमानात हॅलॉन, म्हणजे आग विझवणारा वायू. प्रवासी विमानांच्या बाबतीत मात्र वजन आणि खर्च याच्यावर घोडं अडलं. १९९६ नंतरच्या कमिट्यांनीसुद्धा परवडत नाही असंच म्हटलं. मग एफएएच्या, म्हणजे अमेरिकेत विमानांचे नियम करणाऱ्या सरकारी खात्याच्या, इंजिनिअरांनी स्वतः करून दाखवलं की पूर्ण टाकी शून्य ऑक्सिजनवर न्यायची गरजच नाही. हवेत ऑक्सिजन २१ टक्के असतो, मिलिटरी ९ टक्क्यांच्या खाली ठेवते, पण साध्या ठिणगीपासून वाचायला १२ टक्के पुरतो. हा आकडा हलला आणि सगळं गणितच बदललं.

आणि नायट्रोजन बरोबर न्यायचा नाही, हवेतूनच काढायचा. इंजिनातून गरम दाबाची हवा घ्यायची, गार करायची, फिल्टर करायची आणि केसासारख्या पोकळ धाग्यांच्या जुडग्यातून सोडायची. त्या धाग्यांच्या भिंतीतून ऑक्सिजन आणि बाष्प पटकन बाहेर निसटतं, नायट्रोजन रेंगाळतो आणि दुसऱ्या टोकाने टाकीत जातो. त्या धाग्यांमध्ये काही फिरत नाही, काही घासत नाही. विमान उतरताना बाहेरचं प्रेशर वाढतं आणि व्हेंटमधून हवा टाकीत शिरायला बघते, म्हणून त्या वेळी सिस्टीम जास्त फ्लो देते. २००८ साली एफएएने नियम केला, जुन्या प्रवासी विमानांनाही बसवायला बरीच वर्षं दिली, मालवाहू विमानांना मात्र त्यातून सूट. टीडब्ल्यूएनंतर नियम यायलाच बारा वर्षं गेली. ७८७ चे पंख कार्बन फायबरचे, धातूसारखी वीज वाहून नेत नाहीत, म्हणून त्यांच्यात तांब्याची बारीक जाळी घातलीय आणि नायट्रोजन सगळ्याच टाक्यांना दिलाय.

अहमदाबादच्या १२ जून २०२५ च्या अपघातानंतर मला दोघा-तिघांनी विचारलं की ते तर ७८७ होतं, नायट्रोजन होता ना, मग एवढी आग कशी. नायट्रोजन बंद टाकीतल्या वाफेसाठी आहे. टाकीच फाटली आणि हजारो लिटर इंधन उघड्यावर उडालं की मग सगळी बाहेरची हवाच त्याला मिळते, तिथे याचं काही चालत नाही.

मेव्हण्याशी माझं वाजतं ते एका गोष्टीवर. ७३७ मध्ये या सिस्टीमचा दिवा पायलटसमोर नसतोच, तो चाकांच्या खोबणीत असतो, हिरवा म्हणजे चालू, निळा म्हणजे अर्धवट, अंबर म्हणजे बंद. आणि बंद असली तरी काही दिवस विमान उडवायला परवानगी असते. मी म्हटलं, अरे आमच्याकडे नायट्रोजनचं प्रेशर पडलं की पंपच ट्रिप होतो, रात्री दोन वाजता मला फोन येतो. तो म्हणाला, "दाजी, तुमची टाकी बारा महिने तिथंच उन्हात उभी असते. आमची वर गेली की गार पडते. धोका आहे तो जमिनीवर आणि चढताना, आणि ठिणगीचा बंदोबस्त तर चालूच आहे की." नियमातही तसंच धरलंय, एकंदर वेळेच्या ३ टक्क्यांपेक्षा जास्त वेळ टाकी पेटण्याच्या अवस्थेत नको. मला ते अजून पूर्ण पटलेलं नाही, पण त्याचा मुद्दा अगदीच उडवून लावता येत नाही.

एका बाबतीत आम्ही दोघं एकाच बाजूला आहोत. नायट्रोजनला वास नाही, रंग नाही आणि गुदमरल्यासारखंही वाटत नाही, कारण ती जाणीव कार्बन डायऑक्साइडने होते. दोन श्वासांत माणूस खाली पडतो, आणि त्याला काढायला मागून उतरलेलाही पडतो. विमानाच्या टाकीतही माणसं आत शिरून काम करतात, हातभर भोकातून, सरपटत. आधी टाकी उघडून बराच वेळ साधी हवा मारायची, मीटरवर ऑक्सिजन बघायचा, परमिटवर सही, बाहेर एक माणूस कायम उभा. तो माणूस चहाला गेला तर मेव्हण्याच्या हँगरमध्ये काम थांबवतात, आमच्याकडेही थांबवतात.