दुपारी देव झोपतो: दक्षिणेच्या यात्रेला निघण्याआधी

दक्षिणेच्या यात्रेत आपल्याकडची मंडळी पहिल्यांदा अडतात ती दुपारी साडेबाराला. रात्रभराचा प्रवास, सकाळी निवांत चहा-पोहे, बायकांच्या वेण्याफण्या, मग अकराला लॉजवरून निघून मदुरैच्या मीनाक्षीच्या दारात पोचावं, तर रांग थांबवलेली. साडेबाराला देऊळ बंद होतं ते थेट चारला उघडतं. औंढ्याला, परळीला दिवसभरात केव्हाही जाऊन उभं राहायची सवय असलेल्या माणसाला हे पटत नाही. तो पहारेकऱ्याशी हुज्जत घालतो, 'लांबून आलोय हो' म्हणतो. तिथे सगळेच लांबून आलेले असतात.

तामिळनाडूतल्या जुन्या देवळांत देवाचा दिवस आगमशास्त्राने, म्हणजे देवळातल्या पूजेचे नियम सांगणाऱ्या शास्त्राने आखलेला आहे. पहाटे देवाला उठवतात, न्हाऊ घालतात, दुपारी नैवेद्य दाखवतात आणि मग देव विश्रांती घेतो. दुपारची पूजा म्हणजे उच्चिकाल, संध्याकाळची सायरक्षै, रात्रीची शेवटची अर्धजाम. आपण दर्शनाला जातो ते देवाच्या या दिनक्रमात मधल्या फटीतून. हे एकदा डोक्यात बसलं की आखणी आपोआप जमते: मोठं देऊळ पहाटे, प्रवास आणि जेवण दुपारी, दुसरं देऊळ साडेचारनंतर. दिवसाला दोन मोठी देवळं पुष्कळ झाली. टूरवाले पाच-पाच देवळं दाखवतो म्हणतात, त्यातली दोन बाहेरूनच दाखवतात.

रामेश्वरचं देऊळ साधारण पहाटे ५ ते दुपारी १ आणि ३ ते रात्री ९, तंजावरचं दुपारी साडेबारा ते चार बंद. सणावाराला, ग्रहणाला या वेळा बदलतात, म्हणून मुक्कामाच्या जागी आदल्या रात्री विचारून घ्यावं. ग्रहणात बहुतेक देवळं बंद, आंध्रातलं श्रीकाळहस्ती मात्र उघडं असतं, कारण तिथे राहू-केतूची पूजा चालते.

दुसरी अडचण हाताची. परळीला आपण वैद्यनाथाच्या पिंडीला हात लावतो, वेरूळला घृष्णेश्वराच्या गाभाऱ्यात बसून स्वतः पाणी घालतो. दक्षिणेत गाभाऱ्यात फक्त अर्चक, म्हणजे पुजारी. पिंडीला हात नाही, बेल वाहायचा तो त्यांच्याच हातून, आणि दर्शन दहा-पंधरा फुटांवरून, तेही समईच्या उजेडात. विजेचे दिवे आत मुद्दामच नसतात किंवा अगदी मंद असतात. म्हाताऱ्या माणसाला काही दिसत नाही अशी तक्रार असते. अर्चक कापराची आरती ओवाळतात त्या चार-पाच सेकंदांत मूर्ती उजळते, तेव्हा डोळे मिटून हात जोडायचे नाहीत, बघायचं. नमस्कार नंतर करता येतो.

साष्टांग नमस्कारही कुठेही घालत नाहीत. तो ध्वजस्तंभापाशी, बलिपीठाच्या मागे. पुरुषांनी साष्टांग, बायकांनी गुडघे टेकून. आतल्या देवांपुढे उभ्यानेच हात जोडायचे. आणखी एक फरक शिवमंदिरातल्या प्रदक्षिणेचा. आपण सोमसूत्र, म्हणजे पिंडीवरचं पाणी बाहेर नेणारी पन्हळ, ओलांडत नाही, अर्ध्यातून परत फिरतो. तिथे लोक प्राकारातून, म्हणजे गाभाऱ्याभोवतीच्या बंदिस्त वाटेवरून, पूर्ण फेरी घालतात. मध्येच उलटं फिरलात तर समोरून येणारी सगळी गर्दी अंगावर येते. गाभाऱ्याच्या उत्तरेला चंडिकेश्वराची छोटी देवळी लागते. तिथे लोक हलकी टाळी वाजवतात किंवा तळहात झटकून दाखवतात, देवाचं काही घेऊन चाललो नाही म्हणून. आपली मंडळी मात्र चंडिकेश्वराला जोरजोरात टाळ्या वाजवून हसतात. ते बरं दिसत नाही.

अर्चना, म्हणजे आपल्या नावाने पूजा, करायची असेल तर नारळ, केळी, विड्याची पानं, फुलं असं ताट देवळाबाहेर मिळतं. अर्चक विचारतात तीन गोष्टी: गोत्र, नक्षत्र, नाव. आपल्याकडे रास सगळ्यांना तोंडपाठ, नक्षत्र विचारलं की घरी फोन लावायची वेळ, आणि फोन तर बाहेर ठेवलेला. निघण्याआधी घरातल्या प्रत्येकाचं नाव आणि नक्षत्र एका चिठ्ठीवर लिहून पाकिटात ठेवावं. इंग्रजीत लिहिलं तर तिथे वाचता येतं. शिवाच्या देवळात विभूती मिळते, देवीच्या देवळात कुंकू. उरलेली विभूती खांबाला पुसायची नाही. हजार वर्षांच्या दगडावर आपल्या बोटांचे पांढरे ओघळ राहतात. कागदाच्या पुडीत बांधून घ्यावी. विष्णूच्या देवळात तीर्थ, तुळस आणि डोक्यावर शठारी, म्हणजे देवाच्या पादुका कोरलेला मुकुट, टेकवतात. त्यासाठी मान वाकवायची, हात पुढे करायचा नाही.

कपड्यांचं फार बाऊ करण्यासारखं नाही. धोतर किंवा साधी पँट, बायकांना साडी किंवा ओढणीसह पंजाबी ड्रेस. बर्मुडा, बनियन, गाऊन चालत नाही. काही ठिकाणी पुरुषांना अंगातला सदरा काढावा लागतो, पण घृष्णेश्वराला जाऊन आलेल्यांना त्यात नवीन काही नाही. मोबाईलचा मामला वेगळा. मद्रास उच्च न्यायालयाने डिसेंबर २०२२ मध्ये तामिळनाडूतल्या देवळांत मोबाईलबंदीचा आदेश दिला, त्यामुळे फोन बाहेरच्या काउंटरवर ठेवून टोकन घ्यावं लागतं. दहा जणांचे फोन एकाच टोकनवर ठेवले आणि टोकनवाला आत हरवला, की नऊ जण उन्हात. घोटाळा असा होतो की मदुरैला चार दिशांना चार मोठी गोपुरं, नवख्या डोळ्याला सारखीच. पूर्वेला चपला काढल्या, बाहेर पडलो पश्चिमेला, आणि मध्ये तापलेला दगड. आत जाण्याआधी दिशा सांगून ठेवावी: 'चुकामूक झाली तर पूर्व दारात, चपलांपाशी.' आणि मदुरैला आधी मीनाक्षी, मग सुंदरेश्वर, हा क्रम पाळावा. तिथे मान देवीचा. रात्रीच्या शेवटच्या पूजेत सुंदरेश्वराची पालखी देवीच्या शयनगृहात नेतात. मुक्काम असेल तर ते चुकवू नये, गर्दीही दिवसापेक्षा कमी असते.

आता रामेश्वर. आपल्या गावाकडून बहुतेक जण निघतात ते त्यासाठीच, आणि सगळ्यात जास्त गडबड होते तीही तिथेच.

क्रम असा: आधी अग्नितीर्थावर समुद्रस्नान, मग देवळातल्या २२ तीर्थांचं स्नान, मग कोरडे कपडे आणि शेवटी दर्शन. अग्नितीर्थ देवळाच्या पूर्वेला, चालत पाच मिनिटांवर. पाणी उथळ, लाटा जवळपास नाहीतच. धोका लाटांचा नाही, तळाचा: लोक अंगावरचे जुने कपडे पाण्यात सोडतात, ते पायात गुंततात. सरकत सरकत जावं. आपले कपडे तिथे सोडू नयेत, ते कुठल्या शास्त्रात नाही. पितरांसाठी तर्पण, पिंडदान करायचं तर ते याच किनाऱ्यावर, आणि दक्षिणा आधी ठरवून. आडी आणि तै या तमिळ महिन्यांच्या (साधारण जुलै-ऑगस्ट आणि जानेवारी-फेब्रुवारी) अमावस्यांना तिथे पाय ठेवायला जागा नसते. खास त्या दिवसाचं कारण नसेल तर टाळावं.

मग २२ तीर्थं. महालक्ष्मीपासून सुरुवात, मग सावित्री, गायत्री, सरस्वती, पुढे नल, नील, शंख, चक्र, सूर्य, चंद्र, गंगा, यमुना, गया असं करत शेवट कोटितीर्थावर. बहुतेक विहिरी आहेत, सेतुमाधव तीर्थ मात्र तळं आहे. तिकीट देवळाच्या काउंटरवरच घ्यावं. बाहेर बादली-दोर घेऊन उभी असलेली माणसं 'सगळं मी करून देतो' म्हणतात. काही प्रामाणिक असतात, काही पहिल्या सहा विहिरींनंतर भाव वाढवतात. त्यांच्याबरोबर जायचंच असेल तर माणशी किती, ते सगळ्यांसमोर आणि २२ तीर्थांसाठी असं स्पष्ट बोलून घ्यावं. हिंदी त्यांना समजतं.

तो माणूस विहिरीच्या कठड्यावर चढतो, बादली सोडतो, दोन हातांनी वर ओढतो आणि थेट डोक्यावर ओततो. एका बादलीत तीन-चार जण, म्हणून मागे उभं राहिलेल्याच्या वाट्याला शिंतोडेच येतात. पुढे सरकून मान खाली घालावी. पाणी नाकात जात नाही. समुद्र इतका जवळ असून काही विहिरींचं पाणी गोड, काहींचं मचूळ, काही गार, काही कोमट. जिभेला फरक लगेच कळतो. पण प्यायच्या भरीला पडू नये, पोट बिघडलं तर पुढची यात्रा लॉजवरच.

एका विहिरीपासून दुसरीकडे जायची दगडी वाट सतत ओली असते. पडझड होते ती इथे, विहिरीपाशी नाही. म्हाताऱ्या माणसाचा दंड धरून चालावं, आणि घाई करणाऱ्या बादलीवाल्याला 'हळू' म्हणावं. नऊवारी लुगडं भिजलं की त्याचा भार अंगाला ओढतो, पायात अडकतं. आजींना त्या दिवसापुरती सुती पाचवारी नेसवलेली बरी. गळ्यातल्या साखळ्या, अंगठ्या मुक्कामावरच. आणि सगळ्यात कामाची गोष्ट: एक जण कोरडा ठेवावा. तो तीर्थस्नानाला येणार नाही, सगळ्यांचे कोरडे कपडे, पैसे, चष्मे, औषधं घेऊन बसेल, आणि त्याचं स्नान दुसऱ्या पाळीत. ओल्या कपड्यांनी मुख्य दर्शनाला सोडत नाहीत, त्यामुळे कपडे नसतील तर न्हालेली अख्खी टोळी ओलेत्याने लॉजपर्यंत परत. गर्दी नसेल तर २२ तीर्थं तासाभरात होतात, सुट्टीच्या दिवशी दोन-तीन तास धरावेत. बीपीच्या गोळ्या आधी घ्याव्यात आणि अगदी उपाशी जाऊ नये.

दर्शनातही क्रम आहे. रामाने सांगितल्यावरून हनुमान कैलासाहून लिंग आणायला गेला, त्याला उशीर झाला, म्हणून सीतेने वाळूचं लिंग केलं आणि रामाने त्याची स्थापना केली. हनुमान आणलेलं लिंग घेऊन पोचला तेव्हा तो खट्टू झाला. मग रामाने त्याच्या विश्वलिंगाची पूजा आधी होईल असं सांगितलं. म्हणून आजही आधी विश्वनाथ म्हणजे हनुमानाचं लिंग, मग रामनाथ म्हणजे सीतेचं वाळूचं लिंग, मग पर्वतवर्धिनी अम्मन ही देवी. पहाटे पाचच्या सुमाराला स्फटिकलिंगाचं दर्शन असतं. ते हवं तर त्याच दिवशी २२ तीर्थं जमवू नयेत, कारण रांग तीर्थाच्या वेळेवर येते. आत पूजा करणारे पुजारी महाराष्ट्रीय ब्राह्मण घराण्यांतले, शृंगेरी पीठाची दीक्षा घेतलेले. आपल्याला मराठी बोलता येतं म्हणून आत सोडतील असं मात्र समजू नये.

बाहेरच्या तिसऱ्या प्राकाराची ओवरी जगप्रसिद्ध. १२१२ खांब, चारी बाजू मिळून साधारण ३८५० फूट. रांगेतून सुटल्यावर कोपऱ्यात उभं राहून एकदा सरळ बघावं. खांबांच्या ओळी टोकाला एकमेकीत मिळालेल्या दिसतात.

तंजावरला मराठी माणसाने थांबायलाच हवं. राजराज या चोळ राजाने बांधलेलं बृहदीश्वराचं देऊळ १०१० साली पूर्ण झालं, विमान म्हणजे गाभाऱ्यावरचं शिखर सुमारे २१६ फूट. पण सगळे मान वर करून शिखर बघतात आणि निघतात. आवारात नैऋत्येकडच्या भिंतीवर तंजावरचे मराठा राजे दुसरे सरफोजी यांनी १८०३ मध्ये कोरवून घेतलेला भोसले वंशाचा इतिहास आहे, मराठीत. गाईड आपणहून दाखवत नाहीत, विचारावं लागतं. अक्षर लावायला वेळ लागतो, पण 'शिवाजी' हा शब्द सापडला की पोरांचाही उत्साह वाढतो. आवार मोठं आणि दुपारी तव्यासारखं तापतं, पायात मोजे चालतात.

मराठवाड्यातून थेट जायचं तर ओखा–रामेश्वरम ही साप्ताहिक गाडी संभाजीनगर, परभणी, नांदेडवरून जाते. रामेश्वर बेटावर जाणारा नवा पांबन रेल्वे पूल एप्रिल २०२५ मध्ये सुरू झाला, जुन्या पुलावरची वाहतूक डिसेंबर २०२२ पासून बंद होती. आठवड्यातून एकच गाडी असल्याने परतीचं तिकीट आधी काढावं, जाण्याचं मग. दोन दिवस पुरतील इतके धपाटे बरोबर असू द्यावेत. तिसऱ्या दिवशी भाताशिवाय पर्याय नाही, आणि तिथला पुळियोदरै म्हणजे चिंचेचा भात देवळाच्या प्रसादाच्या दुकानातला घेतला तर तक्रार करण्याजोगा नसतो.

उरला गंगेचा गडू आणि वाळू. काशीहून आणलेली गंगा रामेश्वराला वाहायची आणि रामेश्वरची वाळू प्रयागला सोडायची, ही जोडयात्रा. गडू सीलबंद असेल तसाच न्यावा, वाटेत झाकण उघडून बघू नये, अभिषेकाची पावती देवळाच्या काउंटरवरच फाडावी. वाळूची रीत अशी की तीन पिंडी करून पूजा करतात: सेतुमाधव, बिंदुमाधव, वेणीमाधव. पहिल्या दोन समुद्रात सोडतात, तिसरीची वाळू प्रयागच्या संगमासाठी घरी येते. ही वाळू ओली असतानाच प्लॅस्टिकच्या पिशवीत बांधली की महिन्याभरात वास मारते. लॉजच्या गच्चीवर कागदावर पसरून दिवसभर वाळवावी, सुती कापडात पुरचुंडी करावी आणि वर कुणाची, कधीची ते लिहावं. प्रयागचं जाणं चार वर्षांनी झालं, तरी मावंद्याच्या दिवशी देवघरात कुणाची पुरचुंडी कुठली, यावरून जावांमध्ये वाद होणार नाही.