घरचा काटेरी हलवा आणि भाच्याचे दागिने : यंदाची नोंद

यंदा ठरवलं होतं की नणंदेच्या मुलाच्या पहिल्या बोरन्हाणाचे दागिने घरीच करायचे आणि ते पण अगदी तिळापासून, म्हणजे तयार हलवा आणून नुसता ओवायचा नाही. बोरन्हाण रथसप्तमीला, २५ जानेवारी २०२६, रविवार, डोंबिवलीत. आम्ही नाशिकला. हाताशी तीन आठवडे. तारखेप्रमाणे लिहितेय, त्यात पाकाबद्दलच जास्त आहे कारण वेळ सगळा तिथेच गेला.

३ जानेवारी, शनिवार

पहिला घाणा. पाव वाटी पॉलिशचे तीळ कोरडेच गरम करून घेतले. अर्धा किलो साखर बुडून वर थोडं राहील इतकं पाणी, उकळी आल्यावर दोन चमचे दूध, त्याने मळी वर येते ती काढली आणि पाक फडक्यातून गाळला. इथपर्यंत सगळं नीट. पण पाक मी चांगला एकतारी होऊ दिला, आणि दुसऱ्या चमच्यालाच तिळांचे गठ्ठे झाले. सासूबाई आल्या, परातीत बोट लावून म्हणाल्या, "अगं, हा वड्यांचा पाक झाला. आणि आच केवढी ठेवलीयस!" तो घाणा गुळात घालून खरंच वड्या थापल्या, छान लागल्या.

४ जानेवारी

आज आई स्वतः बसल्या. त्यांच्या माहेरी वाईला शेगडीतले निखारे राखेने झाकून वर परात ठेवायचे, म्हणजे परात फक्त कोमट राहते. आम्ही गॅसच्या सगळ्यात छोट्या बर्नरवर लोखंडी तवा आणि तव्यावर परात असं केलं, जमतं. पाक दोन बोटांत चिकट लागायला हवा, तार यायला लागते न लागते तोच तुटली पाहिजे. पाक शेजारी कोमटच ठेवायचा, घट्ट व्हायला लागला की चमचाभर पाणी.

आता मुख्य काम. चहाचा एकच चमचा पाक तिळांवर फिरवून घालायचा आणि बोटांच्या टोकांनी दाणे हलवत राहायचं. रगडायचं नाही, दाबायचं नाही, नुसते गोल फिरवायचे. ओले असताना दाणे गप्प असतात, परातीला चिकटून चिकटून सरकतात, आणि मग एका क्षणी सुटे होऊन खुळखुळ वाजायला लागतात. तो आवाज आल्याशिवाय पुढचा चमचा घालायचा नाही. मी काल घड्याळ बघून चमचे घालत होते, आईंनी सांगितलं कान लाव.

पंधरा चमच्यांपर्यंत नुसते पांढरे गुळगुळीत दाणे. मला वाटलं हे पण फसलं. चाळीसच्या आसपास हाताला काहीतरी खरखरीत लागलं, उजेडात धरून बघितलं तर बारीक बारीक टेंगळं! मी लेकीला हाक मारून दाखवलं, ती दाणा हातावर घेऊन किती तरी वेळ बघत होती.

५ ते ९ जानेवारी

रोज रात्री जेवणं झाली की दीड-दोन तास. या आठवड्यात कळलेली सगळ्यात कामाची गोष्ट म्हणजे चाळणं. परातीत साखरेचा भुगा साठत जातो, तो तसाच ठेवला तर काट्यांच्या मधल्या फटी भरतात आणि दाणा परत गोल होतो. दहा-बारा चमचे झाले की आमच्याकडे चाळायचं काम लेकीचं, ती नऊ वर्षांची आहे, गॅसजवळ तिला बसवत नाही पण चाळणी तिच्या ताब्यात. भुगा परत पाकात.

काटा येतो कसा हे मला हात चालवताना हळूहळू कळलं. एकदा का उंचवटा तयार झाला की पुढचा पाक त्या टोकालाच आधी लागतो आणि तिथेच वाळतो, म्हणजे उंच आहे ते आणखी उंच होत जातं. म्हणून पाक थोडा आणि थर पातळ. जपानमध्ये कोंपेइतो नावाची साखरेची काटेरी गोळी असते ती पण अशीच, तापलेल्या फिरत्या मोठ्या कढईत पाक शिंपडत शिंपडत दोन-दोन आठवडे करतात. हे नाव पोर्तुगीज भाषेतून गेलेलं, आणि १५६९ मध्ये लुईस फ्रॉइश या पोर्तुगीज मिशनऱ्याने ओडा नोबुनागाला भेट म्हणून ती दिली होती. म्हणजे साडेचारशे वर्षांपूर्वी पण ही भेट द्यायचीच वस्तू! वाचून फार आनंद झाला मला.

साबुदाण्याचा एक घाणा वेगळा केला, तो मोठा होतो, हाराच्या पदकाला लागतो. शेवटच्या आठ-दहा चमच्यांत केशराचं पाणी घातलं, फिकट पिवळा आला.

एक रात्र मात्र वाया गेली. परात झाकून गॅलरीत ठेवली होती, पहाटे दव पडलं आणि वरचे दाणे ओलसर. परत मंद आचेवर फिरवून वाळवले पण काटे बोथट झाले ते झालेच. तेव्हापासून स्टीलच्या डब्यात, भाजलेल्या तांदळाची पुरचुंडी घालून, आणि डबा मुंग्यांसाठी पाण्याच्या ताटलीत.

११ जानेवारी, रविवार

ओवायला बसलो, सगळं घर. पुठ्ठ्यावर गमने चिकटवलेले दागिने दिसतात सुंदर, पण बाळ साडेनऊ महिन्यांचं आहे, हाती येईल ते तोंडात घालतं, म्हणून गम नकोच असं ठरवलं होतं. मग दोऱ्याचा फास. दुहेरी पांढरा दोरा, छोटा फास करून दाण्याच्या मधोमध बसवायचा आणि ओढायचा, पुढचा दाणा त्याला खेटून. इथे काट्याची खरी किंमत कळली. गुळगुळीत दाण्यावरून फास सटकतो, काटेरी दाण्यात दोरा काट्यांच्या मधे जाऊन बसतो आणि हलत नाही. दवातले बोथट दाणे लगेच ओळखू आले, तीनदा बांधले तरी निसटतात. ते सगळे वाटीत, तिळगूळ म्हणून वाटायला.

नवऱ्याचा हात सगळ्यात सफाईचा निघाला, एका बैठकीत दोन्ही मनगट्या आणि एक बाजूबंद. मी हार आणि कंबरपट्टा घेतला. काळ्या कापडाच्या पट्टीवर टाचले की पांढरा हलवा काय उठून दिसतो!

१४ जानेवारी, संक्रांत

काही केलं नाही. गुळपोळ्या आणि येणीजाणी.

१७, १८ जानेवारी

मुकुट आणि बासरी. मुकुटाला आत काळं कापड आणि तार, तारेची टोकं दोनदा दुमडून कापडात शिवली, बाळाला टोचायला नको. बासरीसाठी आधी पेन्सिल घेतली होती, जड झाली, मग कागदाची नळी. सासऱ्यांनी जुन्या लग्नपत्रिकांच्या डब्या केल्या, वाणासाठी, २२ झाल्या. त्यांना पत्रिका फेकवत नाहीत म्हणून कपाट भरलंय, यंदा त्याचं सोनं झालं. प्रत्येक डबीत चमचाभर हलवा आणि दोन वड्या.

२५ जानेवारी

प्रवासात दागिने डब्यातच, वर सुती कापड. डोंबिवलीची हवा नाशिकसारखी कोरडी नाही, त्यामुळे घालायच्या अर्धा तास आधीच डबा उघडला. काळं झबलं, त्यावर सगळं चढवलं, बाळाने बासरी लगेच चोखायला घेतली. चुरमुरे, बोरं, उसाचे करवे डोक्यावरून ओतले तेव्हा आधी दचकला आणि मग हसला. फोटो झाल्या झाल्या सगळं उतरवलं, एकही दाणा सुटला नव्हता, मी मोजत होते. नणंद मुकुट हातात घेऊन म्हणाली, "वहिनी, हा मोडायचा नाही, मी ठेवणार." मी तिला तांदळाची पुरचुंडी पण देऊन आले.

आता उरलंय लवंगेचं. दोन घाणे केले, साखर फक्त डोक्याशी साठते आणि देठ उघडा राहतो, काटा तर नाहीच. खसखस पण करायचीय. कोणी लवंगेवर काटा आणला असेल तर पाक किती पातळ ठेवलात ते नक्की लिहा, थंडी आहे तोवर अजून एक घाणा लावीन.