कोकणातील मत्स्यतळी आणि प्लास्टिकचे अस्तर

मत्स्यतळ्याला प्लास्टिकचे अस्तर घालावे की नाही, याचा निर्णय कोकणात तरी तळे सड्यावर (जांभ्या दगडाच्या उघड्या पठारावर) आहे की खाजणात (खाडीकाठच्या भरतीच्या सखल जमिनीत), हे पाहूनच घ्यावा, असे माझे ठाम मत आहे. सड्यावरच्या जांभ्यात पाणी ठरत नाही. पावसात काठोकाठ भरलेले तळे पुढे झपाट्याने आटते. तेथे रोहू-कटला वाढवायचे असतील, तर ५०० मायक्रॉनच्या अस्तराला पर्याय नाही.

खाजणातील कोळंबीची गोष्ट वेगळी आहे. तेथील चिकणमाती पाणी धरते. परंतु कांदळवनाच्या जुन्या गाळात अनेक ठिकाणी गंधकयुक्त लोहखनिज असते, आणि तळे खोदताना त्याला हवा लागली की आम्ल तयार होऊन ते पावसाबरोबर बांधावरून तळ्यात उतरते. दर हंगामात चुना टाकत राहण्यापेक्षा ती माती अस्तराखाली झाकलेली बरी. शिवाय बांध पोखरणाऱ्या खेकड्यांमार्फत पांढऱ्या ठिपक्यांच्या रोगाचा विषाणू पसरू शकतो. अस्तरामुळे त्यांची बिळे बंद होतात, जाळीचे कुंपण मात्र तरीही लागतेच. २००९ साली व्हेन्नामेई या परदेशी जातीच्या कोळंबीला देशात परवानगी मिळाल्यानंतर दाट साठवणुकीकडे, म्हणजे एकाच तळ्यात जास्त कोळंबी सोडण्याकडे, कल वाढला. अस्तर घातलेल्या तळ्यात एरेटरने (पाण्यात हवा मिसळणाऱ्या यंत्राने) पाणी गोल फिरवून विष्ठा आणि उरलेले खाद्य मधल्या निचऱ्याकडे आणता येते, ही सोय तळाशी वावरणाऱ्या कोळंबीसाठी फार मोलाची आहे. मातीचा आधार तुटल्याने नैसर्गिक खाद्य कमी तयार होते आणि क्षारांकडे अधिक लक्ष द्यावे लागते, एवढे पत्करावे लागते.

खरी काळजी अस्तराच्या खालच्या पाण्याची. पावसाळ्यात, विशेषतः उधाणाच्या भरतीला, खाजणातील भूजल तळ्याच्या तळापेक्षा वर चढते. अशा वेळी तळे रिकामे असेल तर अस्तर खालून फुगते आणि सांध्यांवर ताण येतो. गाळात कुजणाऱ्या पदार्थांचा वायूही हेच करतो. म्हणून अस्तराखाली निचऱ्याच्या नळ्या आणि बांधाच्या माथ्याजवळ वायू निघण्याची वाट हवी, आणि हा खर्च अंदाजपत्रकात पहिल्यापासून धरावा.

ओले अस्तर इतके निसरडे असते की पट्टीच्या पोहणाऱ्यालाही उतार चढून बाहेर येता येत नाही. चारही बाजूंनी गाठी मारलेले दोर पक्के बांधून पाण्यात सोडावेत, आणि हे काम तळे भरण्यापूर्वीच करावे.