एक विंडो उघडायला कोणाकोणाच्या पाया पडायचं

ओपनजीएल (ग्राफिक्स कार्डकडून चित्र काढून घ्यायच्या फंक्शन्सचा संच) शिकताना पहिला त्रिकोण स्क्रीनवर आला की सगळे खूश होतात, पण खरं सांगायचं तर त्रिकोण हे त्यातलं सगळ्यात सोपं काम, खरा डोक्याला शॉट असतो तो त्याच्या आधीचा, म्हणजे ज्या विंडोत तो त्रिकोण काढायचाय ती विंडो उघडणं. ओपनजीएलच्या स्पेकमधे, म्हणजे त्याच्या नियमांच्या कागदात, विंडो हा विषयच नाहीये. कीबोर्ड नाही, माऊस नाही, काही नाही. विंडो आणि ओपनजीएलची गाठ कशी मारायची हे प्रत्येक प्लॅटफॉर्मने आपापलं ठरवलंय, विंडोजवर डब्ल्यूजीएल, मॅकवर एनएसजीएल, आणि लिनक्सवर विंडो दाखवायच्या दोन पद्धती, त्यातल्या जुन्या एक्स११ वर जीएलएक्स, नंतरच्या वेलँडवर ईजीएल. म्हणून मग जीएलएफडब्ल्यू सारखी लायब्ररी घ्यायची, जी हे चारही सांभाळते आणि आपल्याला एकच फंक्शन देते.

आता अशी लायब्ररी घेतली की लोक रीडमीमधली एक ओळ वाचतात, 'विंडोज, लिनक्स, मॅक सपोर्टेड', आणि पुढे जातात. माझं म्हणणं एवढंच आहे की त्या ओळीला काही अर्थ नाही. विंडो तिन्हीकडे उघडेल हो, पण फुलस्क्रीन होईल का, क्लिपबोर्ड चालेल का, आयकॉन दिसेल का, हे ओएसच्या नावावरून कळतच नाही, कारण लायब्ररी आणि स्क्रीन यांच्या मधे अजून तीन-चार जण बसलेत आणि त्यातला प्रत्येकजण नाही म्हणू शकतो.

एक्स११ चंच बघा. तिथे एक्स सर्व्हर वेगळा आणि विंडो मॅनेजर वेगळा प्रोग्रॅम. टायटल बार, मिनिमाइज, मॅक्सिमाइज, फुलस्क्रीन हे सगळं विंडो मॅनेजरच्या हातात. लायब्ररीने फक्त विनंती करायची आणि ती विनंती कुठल्या भाषेत करायची हे आयसीसीसीएम आणि ईडब्ल्यूएमएच नावाच्या दोन कागदांत लिहिलंय. विंडो मॅनेजरला यातलं काय काय समजतं ते तो रूट विंडोवर (सगळ्यांच्या मागे असलेली मूळ विंडो) एका प्रॉपर्टीत लिहून ठेवतो, जीएलएफडब्ल्यू सुरू होताना ती यादी वाचते आणि त्यावरून ठरवते की फुलस्क्रीन मागायचं की आपणच विंडो मॅनेजरला बाजूला सारून अख्ख्या स्क्रीनभर पसरायचं. विंडो मॅनेजर चालूच नसेल तरी विंडो उघडते, पण मॅक्सिमाइज कोण करणार, कुणीच नाही. तसंच मॉनिटरची माहिती देणारं एक्सरँडआर एक्स्टेंशन १.३ पेक्षा जुनं असेल तर दोन मॉनिटर जोडलेले असूनही लायब्ररी तुम्हाला एकच मोठा मॉनिटर दाखवते.

क्लिपबोर्डचा प्रकार तर मला अजूनही भारी वाटतो. एक्स११ मधे कॉपी केलं म्हणजे मजकूर कुठेही कॉपी होत नाही! तुमचा प्रोग्रॅम फक्त जाहीर करतो की क्लिपबोर्ड आता माझ्याकडे आहे. दुसऱ्या कुणी पेस्ट केलं की तो तुमच्या प्रोग्रॅमला विचारतो, बाबा दे, आणि मग तुमचा प्रोग्रॅम ते देतो. म्हणजे मधल्या काळात तुमचा प्रोग्रॅम बंद झाला तर द्यायला कोणी उरतच नाही, मजकूर गेला. जीएलएफडब्ल्यू बंद होताना हा मजकूर क्लिपबोर्ड मॅनेजरकडे सोपवायचा प्रयत्न करते, पण त्यासाठी क्लिपबोर्ड मॅनेजर चालू पाहिजे ना. युजर म्हणणार तुमच्या ॲपमधे कॉपी-पेस्ट बिघडलंय आणि तुम्ही कोडमधे बग शोधत बसणार, जो तिथे नाहीच.

आता वेलँड. हा २००८ मधे सुरू झाला, फेडोरा या लिनक्सने २०१६ मधे तो ग्नोम डेस्कटॉपसाठी डीफॉल्ट केला, म्हणजे नवीन नवीन म्हणायचे दिवस कधीच संपले. इथे खेळच वेगळा. साध्या ॲपला स्वतःची विंडो स्क्रीनवर कुठे आहे हे कळत नाही आणि ती कुठे ठेवायची हे सांगताही येत नाही, ते कंपोझिटर, म्हणजे सगळ्या विंडो एकत्र करून स्क्रीनवर मांडणारा प्रोग्रॅम, ठरवणार. पोझिशन सेट करायला गेलात तर जीएलएफडब्ल्यू ३.४ सरळ एरर देते की हे फीचर या प्लॅटफॉर्मवर उपलब्ध नाही. विंडोच्या आयकॉनचं पण तेच. आणि एक गंमत म्हणजे पहिली फ्रेम काढून तिचा बफर (तयार चित्र) कंपोझिटरला दिल्याशिवाय विंडो दिसतच नाही, म्हणजे विंडो उघडून आधी पाच सेकंद टेक्श्चर (आकारांवर लावायची चित्रं) लोड करत बसलात तर युजरला पाच सेकंद काहीच दिसणार नाही, रिकामी काळी विंडोसुद्धा नाही.

पोझिशनचा नियम मला पटतो, कुठलाही प्रोग्रॅम उठून स्वतःला दुसऱ्याच्या डोक्यावर नेऊन बसवतो हे बंद झालं ते बरंच झालं. टायटल बारचं भांडण मात्र अजिबात पटत नाही. केडीई हा दुसरा डेस्कटॉप म्हणतो आम्ही काढून देतो, त्यासाठी एक्सडीजी-डेकोरेशन नावाचा प्रोटोकॉल आहे. ग्नोम म्हणतं ज्याचा टायटल बार त्याने काढावा. आता जीएलएफडब्ल्यू ही काही बटणं-मेनू काढणारी लायब्ररी नाही, तिने बिचारीने टायटल बार कुठून आणायचा? म्हणून लिबडेकॉर नावाची आणखी एक लायब्ररी मधे आली, ती सिस्टिमवर असेल तर ग्नोममधे नीट टायटल बार दिसतो, नसेल तर जीएलएफडब्ल्यू स्वतःच्या साध्या करड्या पट्ट्या लावते, ज्यावर नाव नाही आणि बंद करायचं बटणही नाही. म्हणजे तोच प्रोग्रॅम, तोच लिनक्स, फक्त डेस्कटॉप बदलला की चेहरा बदलला.

जीएलएफडब्ल्यू ३.४ आली २०२४ मधे आणि तिने एक मोठी गोष्ट केली, आधी एक्स११ की वेलँड हे कंपाइल करतानाच ठरवावं लागायचं, आता एकाच बायनरीत दोन्ही राहतात आणि चालवताना निवड होते. सेशन वेलँडचं असेल तर वेलँड घेते. छान आहे, पण याचा अर्थ असा की जो प्रोग्रॅम कालपर्यंत एक्सवेलँडमधून (वेलँडवर एक्स११ चे प्रोग्रॅम चालवणारा दुवा) निवांत चालत होता तो लायब्ररी अपडेट केल्यावर गुपचूप खऱ्या वेलँडवर जाऊ शकतो, आणि मग विंडोची जागा लक्षात ठेवणारा कोड गप्प बसतो. ओपनजीएलच्या फंक्शन्सचे पत्ते शोधून देणारी जीएलईडब्ल्यू लायब्ररी जीएलएक्स धरून बिल्ड केलेली वापरत असाल तर ती सुरू होतानाच एरर देते, कारण तिथे जीएलएक्स नाहीच, ईजीएल आहे. इनिट करायच्या आधी एक हिंट देऊन एक्स११ ची सक्ती करता येते. तात्पुरता उपाय म्हणून ठीक, कायमचा म्हणून नको.

मॅकवर उलटं दुखणं आहे. तिथे विंडो वगैरे सगळं व्यवस्थित, पण ओपनजीएल ४.१ ला थांबलंय आणि ॲपलने २०१८ मधे मॅकओएस १०.१४ पासून ते डेप्रिकेट करून टाकलंय. कॉम्प्युट शेडर (ग्राफिक्स कार्डवर चित्राशिवायची गणितं करणारे प्रोग्रॅम) आले ४.३ मधे, म्हणजे मॅकवर ते विसरा. ओपनजीएल ३.२ किंवा त्याच्या वरचं मागायचं तर कोअर प्रोफाइल, म्हणजे जुनी फंक्शन्स काढून टाकलेलं ओपनजीएल, असं सांगावं लागतं. आणि रेटिना स्क्रीनवर विंडोचा साइज आणि फ्रेमबफरचा (खऱ्या पिक्सेलचा) साइज वेगळा असतो, व्ह्यूपोर्टला, म्हणजे चित्र काढायच्या चौकटीला, विंडोचा साइज दिलात की अख्खं चित्र खालच्या डाव्या कोपऱ्यातल्या पाव भागात गोळा होतं. हे ज्याने एकदा बघितलंय तो कधी विसरत नाही.

विंडोजला सगळे सोपं समजतात. तिथल्या ओपनजीएल३२ डीएलएलमधून थेट मिळतात ती फक्त १.१ ची फंक्शन्स, बाकी सगळी ड्रायव्हरकडे मागावी लागतात, आणि मागायच्या आधी कॉन्टेक्स्ट (ओपनजीएलची सगळी अवस्था जिथे राहते ती जागा) पाहिजे, आणि कॉन्टेक्स्टला विंडो पाहिजे. म्हणून लायब्ररी आधी एक लपलेली विंडो उघडते, तिच्यावर कामचलाऊ कॉन्टेक्स्ट बनवते, त्यातून खऱ्या फंक्शनचे पत्ते काढते आणि मग तुमचा खरा कॉन्टेक्स्ट बनवते. ड्रायव्हर इन्स्टॉल नसेल तर मायक्रोसॉफ्टचं स्वतःचं सॉफ्टवेअर रेंडरिंग मिळतं, ज्याचं नाव जीडीआय जेनेरिक आणि व्हर्जन १.१. बग रिपोर्टमधे हे नाव दिसलं की पुढचं वाचायची गरजच नाही, आधी ड्रायव्हर टाका म्हणायचं. बाकी युजरने टायटल बार धरून विंडो ओढली की इव्हेंट वाचायचं फंक्शन तो सोडेपर्यंत परतच येत नाही, ॲनिमेशन गोठतं, पण ते विंडोजचंच वागणं आहे, लायब्ररीचं नाही. रेंडरिंग वेगळ्या थ्रेडवर नेलं की सुटतं.

व्हल्कनमधे, म्हणजे ओपनजीएलच्या नंतर आलेल्या ग्राफिक्सच्या संचात, यातलं बरंच कमी होतं, विंडोशी जोडायला कुठली इन्स्टन्स एक्स्टेंशन्स (जोड-फीचर्स) लागतील ते लायब्ररीलाच विचारायचं आणि ती यादी पुढे द्यायची. मॅकवर मात्र मोल्टनव्हीके सारखा, व्हल्कनचं ॲपलच्या मेटलमधे भाषांतर करणारा थर लागतो, आणि मोल्टनव्हीके वापरताना लोडर (ड्रायव्हर शोधून जोडणारा भाग) नवीन असेल तर पोर्टेबिलिटी एन्युमरेशनचा फ्लॅगही द्यावा लागतो, नाहीतर जीपीयू दिसतच नाही.

तर माझ्या रीडमीत आता ओएसची नावं एका ओळीत असतात आणि त्याखाली जरा मोठी यादी: किमान ओपनजीएल ३.३ कोअर, ग्नोमवर लिबडेकॉर, एक्स११ वर ईडब्ल्यूएमएच समजणारा विंडो मॅनेजर, वेलँडवर विंडोची जागा लक्षात राहणार नाही. कोडमधे पण 'फीचर उपलब्ध नाही' ही एरर आली की प्रोग्रॅम बंद करायचा नाही, लॉगमधे एक ओळ टाकून पुढे जायचं. आणि सुरू होतानाच प्लॅटफॉर्म, रेंडरर आणि व्हर्जन ही तीन नावं छापायची, कारण कोणी 'चालत नाही' असं लिहून पाठवलं की पहिला प्रश्न तोच असतो आणि त्याचं उत्तर यायला उगाच दोन-तीन मेल जातात.