कंपनी आणि जगणं, दोन्ही जमतं का? तुम्ही विचारलंत म्हणून

स्टार्टअप चालवणारी मंडळी एक प्रश्न हमखास विचारतात. शब्द थोडेफार बदलतात, मुद्दा तोच असतो: ‘काहीतरी मोठं उभं करायचंय, त्यात माघार नाही. पण झोप, तब्येत, घरची माणसं हेही हवंय. दोन्ही खरंच जमतं, की एकावर पाणी सोडावं लागतं?’

जमतं. पण बहुतेक जण सुरुवातच चुकीच्या टोकाकडून करतात. आधी दिनक्रम बदलतात. पहाटे उठायचं, व्यायाम करायचा, रविवारी लॅपटॉप उघडायचा नाही. तिसऱ्या रविवारी कुठलंसं पेमेंट अडकतं, एखादा मोठा ग्राहक चिडतो आणि नियम मोडतो. मग वाटतं, आपल्यातच शिस्त कमी आहे. माझ्या मते खोट कंपनीच्या बांधणीत असते: फाउंडरशिवाय तिथे पान हलत नाही. अशा कंपनीत सुट्टी घेतली तरी डोकं तिथेच राहतं.

म्हणून आधी दोन आठवडे एक वही ठेवा. कामाच्या वेळेबाहेर तुमच्यापर्यंत आलेली प्रत्येक गोष्ट एका ओळीत टिपा: काय आलं, कुणाकडून आलं, आणि दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत थांबलं असतं तर नेमकं काय बिघडलं असतं. चौदा दिवसांनी नोंदींचे चार ढीग करा: पैशाची मंजुरी, तांत्रिक बिघाड, ग्राहक आणि कुणीही न मागता तुम्ही स्वतःहून उघडलेलं काम. हा चौथा ढीग लपवू नका. तो अनेकदा सगळ्यांत मोठा निघतो, आणि त्याचा इलाज बाकीच्यांपेक्षा वेगळा आहे.

पैशाचा ढीग सगळ्यांत लवकर आटोपतो. महिन्याच्या एकूण खर्चाच्या साधारण अर्ध्या टक्क्यापर्यंतचा कुठलाही खर्च टीममधल्या ठरलेल्या माणसाने न विचारता करावा, एवढी मर्यादा लेखी द्या. बँकेत एकाने व्यवहार भरायचा आणि दुसऱ्याने मंजूर करायचा, अशी सोय करून घ्या. मंजूर करणारी माणसं मात्र दोन ठेवा. ओटीपी फक्त तुमच्याच फोनवर येत असेल तर पगाराच्या दिवशी तुम्ही प्रवासातही मोकळे नसता.

तांत्रिक बिघाडाच्या बाबतीत पहिलं काम म्हणजे अलर्ट, म्हणजे यंत्रणेकडून आपोआप येणारे इशारे, कमी करणं. ज्या अलर्टवर कुणी काहीच करत नाही तो बंद करा. अशा वीस अलर्टच्या गर्दीत खरा एकविसावा हरवतो. उरलेल्या प्रत्येकासाठी एक पान लिहा: आधी काय तपासायचं, कोणता बदल मागे घ्यायचा, किती मिनिटांनी दुसऱ्याला उठवायचं. हे पान तुम्ही लिहिलंत तर ओळखीच्या पायऱ्या हमखास गाळाल. ते नवीन माणसाकडून लिहून घ्या, तुम्ही फक्त तपासा. रात्रीची जबाबदारी आठवड्याच्या पाळीने फिरवायला किमान चार जण लागतात. दोघांत फिरवली तर दोघेही महिन्याभरात पिचतात. टीम तेवढी मोठी होईपर्यंत ग्राहकांना रात्रीच्या सेवेचं वचनच देऊ नका. आणि लांब सुट्टीच्या आदल्या संध्याकाळी नवीन कोड लाइव्ह करू नका.

सगळ्यांत अवघड ग्राहक. मोठ्या ग्राहकाकडे तुमचा नंबर असतो आणि त्याला तुमच्याशीच बोलायचं असतं. इथे हस्तांतरणाला चार बैठका द्या. पहिलीत तुम्ही बोला, सहकारी फक्त ऐकेल आणि नोंदी पाठवेल. दुसरीत अर्धा भाग त्याचा. तिसरीत सगळं तोच बोलेल, तुम्ही नुसते हजर राहाल. चौथीला तुम्ही जायचंच नाही. घोडं अडतं ते तिसऱ्या बैठकीत. सहकारी क्षणभर अडखळतो, फाउंडरला राहवत नाही, तो मध्येच उत्तर देऊन टाकतो, आणि खरा मालक अजून हाच आहे हे ग्राहक ओळखतो. तिथे गप्प बसणं हेच त्या दिवशीचं तुमचं काम. शिवाय सूट किती द्यायची आणि मुदत किती दिवस वाढवायची, हे अधिकार सहकाऱ्याला आधीच द्या, नाहीतर प्रत्येक वेळी ‘विचारून सांगतो’ म्हणत तो तुमच्याकडेच येईल.

हे झालं की मग सुट्टीची चाचणी घ्या. आधी अर्धा दिवस, पुढच्या महिन्यात एक पूर्ण दिवस, मग तीन दिवस, मग सलग सात. जाण्याआधी आणीबाणी कशाला म्हणायचं हे लिहून द्या: डेटा गेला, सगळ्या ग्राहकांची सेवा तासाभराहून जास्त बंद पडली, कुणाला इजा झाली, कायदेशीर नोटीस आली. एवढ्यासाठीच फोन, तोही कॉल. मेसेज नाही. एक मेसेज बघायला गेलात की त्याखालचे चाळीस दिसतात. परत आल्यावर काय काय अडलं त्याची यादी घ्या आणि प्रत्येक अडथळ्याला एक मालक नेमा. पहिल्या तीन दिवसांच्या सुट्टीत काहीतरी अडणारच, आणि ते अडायलाच हवं. पुढचं काम त्यातूनच कळतं.

आता चौथा ढीग, म्हणजे स्वतःहून उघडलेलं काम. त्यामागे बहुधा पैशाची धास्ती असते. रात्री ११ वाजता डॅशबोर्ड बघून विक्री वाढत नाही, पण अनिश्चितता सहन होत नाही म्हणून हात जातो. त्या धास्तीला आकडे द्या. बँकेत ९० एकक शिल्लक, महिन्याची जावक १०, आवक ४, तर निव्वळ बर्न, म्हणजे महिन्याला शिल्लकेतून जाणारी रक्कम, ६ आणि रनवे, म्हणजे पैसे पुरतील तो काळ, १५ महिने. शिवाय पुढच्या १३ आठवड्यांचा तक्ता ठेवा, दर आठवड्याला किती येणार, किती जाणार. त्यात इनव्हॉइसची तारीख टाकू नका, तो ग्राहक प्रत्यक्षात पैसे कधी देतो ती तारीख टाका. तक्ता फसतो तो इथेच. १२ महिने उरल्यावर काय करायचं, ९ उरल्यावर काय, ६ वर कोणता खर्च कापायचा, हे आजच, डोकं शांत असताना ठरवा. मग आठवड्यातून एकदा, ठरलेल्या वारी बघायचं. त्याच तक्त्यात तुमचा पगारही असू द्या, निदान घरखर्च भागेल एवढा. शून्य पगारावर चालणारा फाउंडर सगळे निर्णय धास्तीतून घेतो.

झोपेबद्दल थोडक्यात, कारण तिथे वादाला फारशी जागा नाही. २००३ साली प्रसिद्ध झालेल्या पेनसिल्व्हेनिया विद्यापीठातल्या प्रयोगात सलग १४ दिवस रोज ६ तास किंवा त्याहून कमी झोपणाऱ्यांची लक्ष देण्याची आणि आठवण्याची क्षमता एक-दोन रात्री अजिबात न झोपलेल्या माणसांइतकी घसरली. त्यातली गंभीर गोष्ट पुढे आहे: आपण इतके घसरलोय हे त्यांना स्वतःला फारसं जाणवत नव्हतं. ‘मला कमी झोप पुरते’ ही साक्ष म्हणूनच भरवशाची नाही. प्रौढांना ७ तास किंवा अधिक लागतात. कॅफिनचा अंमल निम्मा व्हायला साधारण ५ तास जातात, तेव्हा संध्याकाळी ६ च्या कॉफीतलं निम्मं कॅफिन ११ वाजता अंगात असतं. कामाच्या तासांचंही तसंच. जागतिक आरोग्य संघटना आणि आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेने २०२१ मध्ये मांडलेल्या विश्लेषणात आठवड्याला ५५ तास किंवा अधिक काम करणाऱ्यांना, ३५ ते ४० तास काम करणाऱ्यांच्या तुलनेत, पक्षाघाताचा धोका ३५ टक्क्यांनी जास्त दिसला.

तरीही कधीकधी जोर लावावाच लागतो: लॉंच, निधीची फेरी, मोठी निविदा. लावा. फक्त संपण्याची तारीख आधी लिहा, जास्तीत जास्त दोन आठवडे, ध्येय एकच, आणि त्या काळात कोणती कामं सोडणार तेही लिहा. पुढचे तीन दिवस हलके ठेवा. तिसरा आठवडा ‘जरासाच’ म्हणून सुरू होतो आणि मग तोच नेहमीचा वेग ठरतो. टीम तुमचे शब्द ऐकत नाही, तुमच्या मेसेजची वेळ बघते. रात्री सुचलं तर लिहा, पण सकाळी ९ ला जाईल असं शेड्यूल करा.

थकवा सुट्टीनेही जात नसेल, कामाबद्दल तुसडेपणा येत असेल आणि हातून काही होत नाही असं वाटत असेल, तर याच तीन खुणांना जागतिक आरोग्य संघटना बर्नआउट म्हणते. नैराश्यही असंच दिसू शकतं. इथे वेळापत्रकाशी खेळत बसू नका, डॉक्टरांना भेटा आणि को-फाउंडरला सांगा.

घरच्यांसाठी वेळ किती काढायचा, हे मनाने ठरवू नका. त्यांनाच विचारा, आठवड्यातला कोणता वेळ तुम्हाला माझ्याकडून हवाय. अख्खा रविवार मागतील अशी भीती असते, पण अनेकदा उत्तर लहान असतं: रात्रीचं जेवण, आणि फोन दुसऱ्या खोलीत. ती वेळ कॅलेंडरमध्ये टाका आणि ते कॅलेंडर टीमला दिसू द्या, म्हणजे त्यावर कुणी मीटिंग लावणार नाही.