चार पानं भरली, पण प्रश्न तसाच राहिला

नाशिकमध्ये मी स्पर्धा परीक्षेच्या मुलांना अर्थशास्त्र शिकवतो. मागच्या सराव परीक्षेत निबंधाला प्रश्न दिला होता: ‘कांद्यावरील निर्यातबंदी हे भाववाढ रोखण्याचे योग्य साधन आहे का? चिकित्सक चर्चा करा.’ निफाड तालुक्यातल्या एका मुलीने चार पानं लिहिली होती. ऑगस्ट 2023 मधलं 40 टक्के निर्यात शुल्क, 8 डिसेंबरची बंदी, मे 2024 मध्ये बंदी उठताना लावलेलं टनामागे 550 डॉलरचं किमान निर्यात मूल्य, सगळं बिनचूक. गुण मात्र निम्म्याहून कमी दिले. ती पेपर घेऊन समोर आली.

“सर, यात चुकलंय काय?”

चूक एकही नव्हती. ‘योग्य आहे का’ याचं उत्तरच कुठे नव्हतं. पेपर मिटायला सांगून मी विचारलं, “बंदी आली की लासलगावच्या कांदा बाजारात भाव का पडतो?”

“बाहेरची मागणी तुटते, माल इथेच राहतो.”

“मग शेतकरी माल थांबवून का ठेवत नाही?”

“डिसेंबरात लाल कांदा असतो सर. तो टिकत नाही, काढला की विकावाच लागतो. उन्हाळ कांदा असता तर साठवणीच्या कांदाचाळीत टाकून काही महिने थांबलो असतो.”

मला इतका आनंद झाला की अख्ख्या वर्गाला थांबवून तिला तेच पुन्हा बोलायला लावलं. पुस्तकात ज्याला अल्पकाळातला अलवचिक पुरवठा म्हणतात, म्हणजे भाव बदलला तरी लगेच कमीजास्त न होणारा, तो तिच्या घरच्या खळ्यात होता आणि चार पानांत त्याला जागा मिळाली नव्हती!

मग फळ्यावर आराखडा मांडला. पहिल्याच परिच्छेदात भूमिका: बंदीने ग्राहकाला तात्पुरता दिलासा मिळतो, पण त्याची किंमत उत्पादक मोजतो. पुढे मागणी घटून मागणी वक्र डावीकडे सरकल्याची आकृती, आणि पुरवठा अलवचिक असल्याने भाव इतका का कोसळतो ते कारण. त्यानंतर काळाचा मुद्दा. भाव पडल्याने पुढच्या हंगामात लागवड घटली, तर तोच ग्राहक पुन्हा महाग कांदा घेईल. इथे ‘चिकित्सक’ या शब्दाचे गुण आहेत. शेवटी निष्कर्ष, अटींसकट. तिच्या बऱ्याच तारखा यात गळाल्या. ज्या एखाद्या मुद्द्याला आधार देत होत्या तेवढ्याच राहिल्या.

परीक्षेत शेजारचा भराभर लिहायला लागला की आराखड्याची दहा मिनिटं मुलांना वाया गेल्यासारखी वाटतात. ती घ्यायलाच हवीत, याबाबत मी हट्टी आहे.

तिने नव्याने लिहिलेला निबंध अडीच पानांचा होता. बंदीऐवजी सरकारने बफर साठा, म्हणजे टंचाईत बाजारात आणायला राखून ठेवलेला कांदा, वाढवावा, असा तिचा निष्कर्ष. मला तो पटत नाही. साठवणुकीत कांद्याचं वजन घटतं, सडही होते. पण तिने ही अडचण स्वतःच मांडून तिला उत्तरही दिलं होतं. गुण भरघोस दिले आणि समासात माझा आक्षेप लिहिला. त्यावर ती उद्या वाद घालायला येणार आहे.